हार्डी किवी: सालासकट खायचं हे किवी परसात लावणं सोपं, पण वेल आवरणार कोण?

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत सप्टेंबर महिना आला की फळांच्या दुकानात कधीकधी एक छोटी पारदर्शक डबी दिसते. आतली फळं लांबून हिरव्या द्राक्षांसारखी वाटतात. घरी आणून एखादं आडवं कापलं की आत चक्क किवी निघतं. तोच हिरवा गर, मध्ये फिकट गाभा आणि त्याभोवती काळ्या बियांची चांदणी. फरक एवढाच की या फळाच्या सालावर लव नसते. सोलायचं नाही, चमच्याने खरवडायचं नाही, अख्खं फळ तोंडात टाकायचं.

दुकानदार याला 'किवीबेरी' म्हणतात आणि बागकाम करणारे 'हार्डी किवी'. शास्त्रीय नाव ॲक्टिनिडिया अर्गुटा. आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या तपकिरी, केसाळ किवीची ही चुलत बहीण. आकाराने लहान, पण गोडीला पुढे.

रोपवाटिकांच्या जाहिरातीत हार्डी किवीचं वर्णन वाचलं तर कुणालाही मोह पडेल. कडाक्याची थंडी सोसते, कीड फारशी लागत नाही, औषधं फवारावी लागत नाहीत आणि मोठी झालेली एक वेल वर्षाला २० किलोहून जास्त फळ देते. यातलं बहुतेक सगळं खरं आहे. ही वेल जगवायला फार कष्ट पडत नाहीत. कष्ट पडतात ते तिला आवरायला, आणि ते काम दरवर्षी करावं लागतं. अमेरिकेतल्या एका गावाशेजारच्या जंगलात ते काम कुणी केलं नाही तर काय होतं, हे आज बघायला मिळतं. त्याकडे येऊच. आधी वेलीची ओळख करून घेऊ.

ही वेल मूळची कुठली?

जपान, कोरिया, उत्तर चीन आणि रशियाचा अतिपूर्वेकडचा भाग हे तिचं माहेर. तिथल्या जंगलात ती झाडांवर चढते आणि ३० मीटरपर्यंत उंच जाते. जपानी लोक तिच्या फळाला 'सारुनाशी' म्हणतात, म्हणजे माकडांचं नाशपाती.

वेल किती मजबूत असते याचा अंदाज घ्यायचा असेल तर जपानच्या शिकोकू बेटावरच्या इया खोऱ्यात जावं लागेल. तिथे नदीवर सुमारे ४५ मीटर लांबीचा एक झुलता पूल आहे. तो याच वेलींनी विणलेला आहे. सुरक्षेसाठी आता आत पोलादी तारा घातल्या आहेत, पण वेली खऱ्याच आहेत आणि दर तीन वर्षांनी पूल नव्याने बांधला जातो. परसातल्या नाजूक लाकडी कमानीवर ही वेल चढवायचा विचार असेल, तर हा पूल आठवलेला बरा.

अमेरिकेत ती पोहोचली १८७७ मध्ये. मॅसॅच्युसेट्सच्या कृषी महाविद्यालयाचे प्रमुख विल्यम क्लार्क तेव्हा जपानमधल्या सापोरो इथे नवं कृषी महाविद्यालय उभं करायला गेले होते. तिथून त्यांनी बिया पाठवल्या. गंमत म्हणजे पुढची जवळपास शंभर वर्षं बहुतेकांनी ही वेल फळासाठी लावलीच नाही. लाल देठांची, चकचकीत पानांची, व्हरांड्यावर गर्द सावली धरणारी शोभेची वेल म्हणून ती मोठ्या बंगल्यांच्या बागांत गेली.

केसाळ किवीचं नशीब वेगळं निघालं. त्याच्या बिया १९०४ मध्ये चीनमधून न्यूझीलंडला गेल्या, तिथे त्याची शेती झाली आणि १९५९ मध्ये अमेरिकी बाजारासाठी त्याचं 'किवीफ्रूट' असं बारसं झालं. टणक फळ, जाड साल, बोटीतून महिनाभराचा प्रवास सहज. पातळ सालीचं अर्गुटा या शर्यतीत मागे पडलं आणि परसबागेतच राहिलं. आता कुठे त्याची व्यापारी लागवड वाढते आहे. अमेरिकेतलं न्यू हॅम्पशायर विद्यापीठ २०१३ पासून याच्या नव्या वाणांवर काम करतं आहे.

'हार्डी' म्हणजे किती काटक?

हिवाळ्यात पानं गळून वेल झोपली की उणे २५ ते उणे ३० अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी ती सोसते. हिची आणखी एक बहीण आहे, ॲक्टिनिडिया कोलोमिक्टा. ती तर उणे ४० अंशांतही तग धरते आणि तिच्या पानांवर पांढरे-गुलाबी पट्टे येतात.

पण हा काटकपणा झोपेतला आहे. वसंतात थोडी ऊब मिळाली की वेल घाईने डोळे फोडते. कोवळे फुटवे बाहेर आले आणि त्यानंतर एका रात्रीत तापमान शून्याच्या एक-दोन अंश खाली गेलं, की सगळे फुटवे काळे पडतात. फळं या नव्या फुटव्यांवरच लागणार असतात. वेल मरत नाही, पुन्हा फुटते, पण त्या वर्षाचं फळ बहुतेक जातं. उणे २५ अंशांत टिकलेली वेल मे महिन्यातल्या एका थंड रात्रीत हरते.

म्हणून जागा निवडताना अनुभवी माळी उलटा सल्ला देतात. दक्षिणेकडच्या भिंतीच्या उबेत लावू नका, तिथे ती लवकर जागी होते. खोलगट जागा नको, कारण थंड हवा उताराने खाली येऊन तिथे साचते. थोडा उतार हवा, शक्य असेल तर उत्तरेकडे झुकलेला, म्हणजे डोळे उशिरा फुटतात. पाण्याचा निचरा चांगला हवा. मुळं उथळ असतात, त्यामुळे दुष्काळात ती लवकर कोमेजते आणि पाणी तुंबलं तर मुळं कुजतात. पहिली दोन-तीन वर्षं हिवाळ्यात कोवळ्या खोडाभोवती कापड किंवा गोणपाट गुंडाळावं लागतं. रासायनिक खताचा मोठा डोस या मुळांना मानवत नाही. कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळ्याचं आच्छादन पुरतं.

मग महाराष्ट्रात येईल का?

नाही. तिकडे थंडीच्या वेळेची अडचण आहे, इकडे थंडीच नाही ही अडचण. किवीच्या डोळ्यांना नीट फुटायला हिवाळ्यात सात अंशांखालची थंडी शेकडो तास मिळावी लागते. महाबळेश्वरचा हिवाळाही त्याला पुरत नाही.

भारतात हा धडा फार आधी मिळाला आहे. केसाळ किवीची वेल भारतात पहिल्यांदा १९६० मध्ये बेंगळुरूच्या लालबागेत लावली गेली. वेल वाढली, पण फळ धरलं नाही. १९६३ मध्ये सिमल्याला लावलेल्या वेलींना मात्र १९६९ मध्ये फळं लागली. आज देशातलं किवी अरुणाचल प्रदेश, नागालँड, हिमाचल अशा थंड डोंगराळ भागांतून येतं ते यामुळेच. पुण्या-नाशकात कुणी 'किवीचं रोप' विकत असेल, तर ते कदाचित जगेल, वेल म्हणून दिसेलही छान. फळाची वाट पाहू नये.

बॉस्टन, न्यू जर्सी किंवा टोरांटोच्या आसपास राहणाऱ्यांनी मात्र पुढचं नीट वाचावं.

नर कोणता, मादी कोणती?

कोकणात पावसाळ्यात करटोली मिळते. तिची वेल ज्यांनी लावली आहे त्यांना हा घोळ माहीत असेल. नराची वेल वेगळी, मादीची वेगळी. फळ फक्त मादीला आणि तेही नर जवळ असेल तरच. पपईचंही बियांपासून लावलं की बऱ्याचदा तेच. हार्डी किवी याच पंथातलं.

फरक आहे तो वाट पाहण्यात. करटोलीच्या वेलीला पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात फूल येतं. हार्डी किवीला पहिलं फूल यायला तीन ते पाच वर्षं लागतात, बियांपासून लावलेल्या वेलीला त्याहून जास्त. तोवर पानाकडे, खोडाकडे बघून नर-मादी ओळखता येत नाही. त्यामुळे बिया पेरणं किंवा शेजाऱ्याने दिलेलं अनोळखी रोप लावणं म्हणजे पाच वर्षांचा जुगार. खात्रीच्या रोपवाटिकेतून, वाणाचं नाव लिहिलेलं, छाट कलमाने केलेलं रोप घेणं हाच मार्ग आहे. मादी वाणांत 'अनानस्नाया' सर्वात प्रसिद्ध. रशियन भाषेत याचा अर्थ अननसासारखं. 'जिनिव्हा' आणि जांभळट-लाल गराचं 'केन्स रेड' हीसुद्धा मादी वाणं. सहा ते आठ माद्यांना एक नर पुरतो, पण परसात एकच मादी लावायची असली तरी नराला जागा द्यावीच लागते.

'इस्साई' हा जपानी वाण याला अपवाद. तो एकटाच फळतो आणि लवकर फळतो. वेलही बेताची वाढते. मोठ्या कुंडीत लावायचं असेल तर हाच बरा. फळ लहान येतं आणि थंडी इतरांइतकी सोसत नाही, एवढी तडजोड.

फुलं आली की मात्र ओळख पटते. पण इथेही एक चकवा आहे. मादीच्या फुलातही काळसर परागकोशांचे पुंकेसर असतात, त्यामुळे ते फूल दोन्ही प्रकारचं वाटतं. ते पराग वांझ असतात. बघायचं ते फुलाच्या मधोमध. मादीच्या फुलात छोटा हिरवा फुगीर भाग आणि त्यावर छत्रीच्या काड्यांसारखे पांढरे तंतू पसरलेले दिसतात. नराच्या फुलात मधली जागा रिकामी, नुसते पुंकेसर. मधमाश्यांनाही या फुलांचं फार आकर्षण नसतं, कारण त्यांत मधुरस नाही. म्हणून नर आणि मादी जितके जवळ तितकं चांगलं.

मांडव आणि कात्री

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला हार्डी किवीची बाग दाखवली तर त्याला फार काही समजवावं लागणार नाही. खांब, ताण दिलेल्या तारा, सरळ वाढवलेलं एक खोड, तारेवर दोन बाजूंना धरलेले ओलांडे आणि त्यांवर काड्या. गेल्या वर्षीच्या काडीवर यंदा फुटवा येतो आणि त्या फुटव्यावर फळ, हेही द्राक्षासारखंच.

खांब इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराचे, जमिनीपासून साधारण सहा फूट उंच, जमिनीत खोल गाडलेले. दोन वेलींत तीन ते पाच मीटर अंतर. तारा जाड, गंज न लागणाऱ्या. हा खर्च पहिल्याच वर्षी करावा. वेल मोठी झाल्यावर तिच्याखाली नवा मांडव घालणं हे जवळपास अशक्य काम आहे. पानं आणि फळांनी भरलेली वेल पावसात भिजली की तिचं वजन कमजोर खांब सहज आडवे करतं. घराच्या पन्हळीवर, पाइपवर किंवा जिवंत झाडावर तिला चढू देऊ नये. खोडाला खांबाभोवती वेटोळं घालू द्यायचं नाही हेही महत्त्वाचं. सरळ बांधून वर न्यायचं, नाहीतर पुढे तेच वेटोळं आवळत जातं.

आता छाटणी. हार्डी किवी लावून निराश झालेल्यांची तक्रार बहुधा एकच असते, 'वेल खूप वाढली, फळ काहीच नाही.' कारण बहुधा हेच, की कात्री चालली नाही. एका हंगामात एकेक काडी पाच-सहा मीटर लांब जाऊ शकते. तिला मोकळं सोडलं की वरच्या पानांची दाट चादर होते, खाली ऊन पोहोचत नाही आणि सावलीतल्या काड्यांवर पुढच्या वर्षी फळ धरत नाही.

त्यामुळे हिवाळ्याच्या अखेरीस, वेल झोपेत असतानाच, मोठी छाटणी करायची. फळ देऊन झालेल्या जुन्या काड्या आणि एकमेकींत गुंतलेल्या काड्या काढायच्या. ओलांड्याजवळून निघालेल्या, उन्हात वाढलेल्या एक वर्षाच्या निवडक काड्या ठेवायच्या. नवशिक्याचा हात इथे थरथरतो, कारण गेल्या वर्षी वाढलेलं निम्म्याहून जास्त लाकूड खाली पडलेलं दिसतं. तेवढं पडायलाच हवं. उशीर मात्र करू नये. वसंतात रस वर चढायला लागल्यावर छाटलं तर कापलेल्या जागेतून पाणी ठिबकत राहतं.

काम इथे संपत नाही. उन्हाळ्यात दोन-तीन वेळा पुन्हा शेंडे खुडायचे आणि लोंबणारे, जमिनीला टेकणारे फुटवे कापायचे. नर वेलीची मोठी छाटणी हिवाळ्यात नको, नाहीतर फुलंच कमी येतील. तिचं काम फुलं गळली की संपतं, तेव्हा लगेच तिला आटोपशीर करावं.

एका सुट्टीच्या दिवसात उरकणारं हे काम नाही. वर्षातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी काही तास आणि तेही वेल असेपर्यंत. ही वेल कित्येक दशकं जगते.

लेनॉक्सच्या जंगलात काय झालं?

मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम टोकाला, बर्कशायरच्या डोंगरांत लेनॉक्स नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या शहरांतले धनिक उन्हाळ्यात इथे यायचे. त्यांचे बंगले, त्यांच्या बागा आणि त्या बागांत शोभेच्या वेली. गावालगत आज जिथे केनेडी पार्क हे जंगल आहे, तिथे एकेकाळी ॲस्पिनवॉल नावाचं मोठं हॉटेल होतं. १९३१ मध्ये ते आगीत जळालं. पुढे त्या टेकडीवर जंगल वाढलं.

त्या जंगलात आज हार्डी किवीचे दाट पट्टे आहेत. वेली झाडांवर चढतात, शेंड्यांवर पसरतात, खालच्या झुडपांचं ऊन अडवतात. बर्फ किंवा ओला पाला यांचं वजन पडलं की फांद्या मोडतात, लहान झाडं वाकून जमिनीला टेकतात. मास ऑडुबॉन ही निसर्गसंवर्धन संस्था आणि स्थानिक लोक या वेली काढण्यासाठी बराच काळ झगडत आहेत. नुसतं कापून भागत नाही, बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात.

यावर बागायतदार आणि संवर्धक यांच्यात वाद आहे. बागायतदारांचं म्हणणं असं की वेल स्वतःहून जंगलात घुसत नाही. जुन्या बागा सोडून दिल्या गेल्या, जमिनीला टेकलेल्या फांद्यांना मुळं फुटली आणि दशकानुदशकं ती आहे त्याच जागी पसरत गेली. संवर्धक म्हणतात, फळ पक्षी आणि प्राणी खातात, त्यामुळे बिया दूर जाणारच.

परसबाग करणाऱ्यासाठी मात्र दोन्ही बाजूंतून निघणारा सल्ला सारखाच आहे. वेल घातक ठरली ती तिची निगा थांबल्यावर. आणि निगा थांबण्याची कारणं अगदी साधी असतात. नोकरी बदलते, घर विकलं जातं, म्हातारपणी शिडीवर चढवत नाही. नव्या मालकाला कुंपणावरची ती दाट हिरवी वेल म्हणजे काय हे ठाऊकही नसतं. परदेशात पाच-सात वर्षांत घर बदलणाऱ्या कुटुंबांनी हा हिशेब आधी करावा. पहिलं भरघोस फळ यायची वेळ आणि घर सोडायची वेळ एकच निघू शकते.

घराला लागून जंगल किंवा मोकळं रान असेल तर ही वेल न लावणंच शहाणपणाचं. तशा घरी ब्लूबेरीही छान येते. इतरांनीही लावण्याआधी आपल्या राज्याच्या कृषी विभागाची आक्रमक वनस्पतींची यादी तपासावी, कारण प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात. आणि घर सोडायची वेळ आलीच तर नव्या मालकाला वेल आणि छाटणी समजावून सांगावी, किंवा ती खणून काढावी.

फळ कधी तोडायचं?

फळं साधारण सप्टेंबरमध्ये तयार होतात, पण सगळी एकदम पिकत नाहीत. वेलीवर पिकू दिली तर चव सर्वात छान, मात्र मऊ झालेलं फळ लगेच गळतं आणि पक्षीही टपलेले असतात. म्हणून बरेच जण फळ टणक असतानाच तोडतात. त्याची एक सोपी परीक्षा आहे. दोन-चार फळं कापून बघायची. बिया काळ्या झाल्या असतील तर तोडणी करता येते. पांढऱ्या किंवा तपकिरी असतील तर थांबायचं, कारण तेव्हा तोडलेलं फळ मऊ होईल पण गोड होणार नाही.

तोडलेली टणक फळं फ्रिजमध्ये काही आठवडे टिकतात. लागतील तशी बाहेर काढून ठेवली की दोन-चार दिवसांत मऊ होतात. किंचित सुरकुतलेलं, बोटाने दाबलं तर दबणारं फळ सर्वात गोड लागतं. दिसायला ते शिळं वाटतं, फेकू नये. ज्यांना नेहमीच्या किवीची ॲलर्जी आहे त्यांनी हेही टाळावं.

आणखी एक, खास मराठी स्वयंपाकघरासाठी. याचं शिकरण करायला जाऊ नका. किवीत प्रथिनं तोडणारं एक विकर असतं, ॲक्टिनिडिन नावाचं. कच्चं फळ दुधात किंवा दह्यात कालवून ठेवलं की थोड्या वेळाने ते कडू होतं. श्रीखंडावर घालायचंच असेल तर वाढताना वरून घालावं.

आणि वेलीखाली पडलेली फळं रोजच्या रोज उचलावीत. छाटलेल्या हिरव्या काड्याही ओल्या मातीवर तशाच टाकू नयेत. उन्हात पूर्ण वाळू द्याव्यात आणि मगच कचऱ्यात किंवा खताच्या ढिगात घालाव्यात.